भावनाभंग आणि रसभंग

एखादी कलाकृती चांगली आहे याविषयी चार माणसांचे एकमत होणे कठीण, हे आपण सारेच जाणतो. परंतु ती वाईट आहे याविषयी संपूर्ण एकमत असूनही चार माणसांत कडाक्याचे भांडण होऊ शकते, हा अनुभव आम्हांस २०२३ सालच्या जून महिन्यात विद्यानगरात आला. त्या भांडणात आमच्याकडे वकिलाचे काम आले होते. ते आम्ही नाकारले. का नाकारले याचा खुलासा त्या वेळी घाईत नीट करता आला नाही. तो आज शांतपणे करीत आहोत.

त्या महिन्याच्या १६ तारखेस ओम राऊत यांनी दिग्दर्शित केलेला ‘आदिपुरुष’ हा रामकथेवरील चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. आमच्या शहराला त्याचे दुहेरी अगत्य होते. श्रीरामाच्या भूमिकेतील प्रभास हे तेलुगू प्रेक्षकांचे लाडके नट. आणि दिग्दर्शक मराठी, मारुतीच्या भूमिकेतील देवदत्त नागे मराठी, गाण्यांना संगीत देणारे अजय-अतुल मराठी, म्हणून आम्हां मराठी-कोंकणी मंडळींनाही तो घरचाच वाटत होता. प्रत्येक खेळाला एक आसन श्रीमारुतीसाठी रिकामे ठेवले जाईल, अशी निर्मात्यांनी घोषणा केली होती. आमच्या मंडळातील कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह गेली. परत आली ती मात्र खिन्न होऊन, कोणी संतापून, कोणी हसत.

पुढच्या शनिवारी, २४ तारखेस, आरती आटोपल्यावर सभागृहात विषय निघाला. चित्रपट भयंकर आहे, या ठरावाला विरोध करणारा एकही आवाज उठला नाही. मग तो भयंकर का, असे कोणीतरी सहज विचारले आणि तासभर कोणी घरी गेले नाही. आमच्या मंडळातले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांना लहानथोर सारेच ‘माम’ म्हणतात, त्यांनी शेवटी आमच्याकडे बोट दाखवून म्हटले, “तूं वकील न्हय रे? मागीर बरोवन दी.” त्यांना हवा होता न्यायालयात दाखल करण्याजोगा अर्ज : चित्रपटाने आमच्या धर्मभावना दुखावल्या आहेत, सबब त्याचे प्रमाणपत्र रद्द व्हावे.

अर्ज लिहिण्यापूर्वी वकिलाने आपल्या पक्षकाराची तक्रार नेमकी काय आहे ते समजून घेतले पाहिजे. आमचे पक्षकार अनेक होते आणि प्रत्येकाची तक्रार निराळी होती. त्या तक्रारी एकेक करून तपासू.

पहिली तक्रार एका तरुण अभियंत्याची. संगणकावर चित्रपटांची दृश्ये तयार करणाऱ्या व्यवसायाशी त्याचा संबंध आहे. हैदराबादेत हा व्यवसाय मोठा आहे. त्याचे म्हणणे असे की, दोष सारा तंत्राचा. वानरांच्या अंगावरचे केस खोटे, लंका काळवंडलेली, युद्धात कोण कोणाला मारतो ते दिसत नाही, रावणाची दहा मुखे एकावर एक अशी दोन ओळींत रचलेली. २०२२ च्या ऑक्टोबरात झलक दाखविली तेव्हाच लोक हसले. म्हणून जानेवारीचे प्रदर्शन जूनवर गेले. तरीही ही स्थिती. शेकडो कोटी रुपये खर्चून असे चित्र निघत असेल तर तो गुन्हाच, असे तो म्हणाला.

त्याचे निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या होत्या. आजच्या अभियंत्याने तो पाहिला तर दर मिनिटाला एक उणीव काढील. पण त्या काळचा प्रेक्षक पडद्यावर राम येताच पायांतील जोडे काढीत असे, असे सांगतात. १९८७-८८ या काळात दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ चालले. त्यातील बाण एकमेकांवर आदळून विझत तेव्हा ते बाण नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळत होते. आम्ही त्या वेळी ती पोरेच होतो. तरीही रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. आणखी मागे जावयाचे तर कोंकणात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेला होणारा दशावतारी काला आठवावा. मुकुट पुठ्ठ्याचा, तलवार लाकडाची, राजाचे सिंहासन म्हणजे एक साधे बाकडे. पहाटेच्या सुमारास त्याच बाकड्यावरून उठलेल्या विष्णूला वृद्ध स्त्रिया हात जोडतात. साधन तोकडे असणे हा दोष खरा, परंतु तो क्षम्य दोष होय. प्रेक्षक आपल्या पदरची कल्पना घालून तो भरून काढतो, आणि त्यात त्याला आनंदही होतो.

दुसरी तक्रार एका निवृत्त संस्कृत-शिक्षिकेची. त्यांच्या मते चित्रपट मूळ ग्रंथाला सोडून गेला, हाच त्याचा अपराध. रावणाचे वाहन वाल्मीकींनी पुष्पक सांगितले. येथे तो वटवाघळासारख्या अक्राळविक्राळ प्राण्यावर बसून येतो. त्याचा केशसंभार, त्याचा पोशाख, त्याच्या अंगावर लोळणारे अजगर, यांपैकी काहीही रामायणात नाही.

हाही युक्तिवाद वजनदार दिसतो; पण हैदराबादेत राहणाऱ्या माणसाने तो करू नये. तेलुगू चित्रसृष्टीचा मुकुटमणी मानला जाणारा ‘मायाबजार’ १९५७ साली निघाला. अभिमन्यू आणि बलरामाची कन्या यांच्या विवाहाची ही कथा. ती व्यासांच्या महाभारतात नाही. लोकपरंपरेत आहे, आणि मराठी घरांत तीच वत्सलाहरण म्हणून ठाऊक आहे. घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव लग्नाच्या पंक्तीचे सारे अन्न एकट्याने फस्त करतात, त्या प्रसंगी हसला नाही असा माणूस या शहरात शोधावा लागेल. त्यानंतर चार वर्षांनी नंदमूरी तारक रामाराव यांनी ‘सीताराम कल्याणम्’ काढला आणि त्यात स्वतः रावणाची भूमिका केली. हा रावण विद्वान, शिवभक्त, वीणावादक, आणि चित्रपटभर रामापेक्षा अधिक डोळ्यांत भरणारा. कोणाच्याही श्रद्धेला तडा गेला नाही. एकनाथ महाराजांनी ‘भावार्थरामायण’ लिहिले तेव्हा वाल्मीकींची केवळ नक्कल केली असती, तर मराठी माणसाने ते चार शतके जपले नसते. मूळ कथेपासून दूर जाण्याचा अधिकार आपल्या परंपरेने कवीला नेहमीच दिला आहे. प्रश्न एवढाच की, दूर जाऊन तो काय घेऊन आला.

तिसरी तक्रार ही तक्रारच नव्हती. आमचा भाचा महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, “मामा, आम्ही मित्र तर पोट दुखेपर्यंत हसलो. इतका वाईट की चांगला!” मंडळातल्या वडीलधाऱ्यांना हे बोलणे मुळीच रुचले नाही. परंतु या विनोदामागेही एक रसिकतेचा पंथ आहे आणि तो सातासमुद्रांपलीकडेही आहे. अमेरिकेत एड वुड नावाच्या दिग्दर्शकाने १९५०-६० च्या दशकात ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा चित्रपट काढला. त्यातला प्रसिद्ध नट बेला लुगोसी १९५६ साली वारला; तेव्हा दिग्दर्शकाने पत्नीच्या ओळखीचा एक हाडवैद्य उभा केला आणि चेहरा दिसू नये म्हणून त्याला झग्याने तोंड झाकून फिरविले. १९८० साली निघालेल्या एका पुस्तकात या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट म्हणून मान देण्यात आला, आणि तेव्हापासून तो जगभर प्रेमाने पाहिला जातो.

आता, ज्याच्यावर लोक प्रेम करतात तो सर्वांत वाईट कसा? एड वुडजवळ पैसा नव्हता, कौशल्य नव्हते, पण आपण काही भव्य करीत आहोत यावर त्याचा निस्सीम विश्वास होता. त्याच्या फसगतीत एक माणूस दिसतो. म्हणून त्याला हसताना आपण त्याच्या बाजूने असतो. ‘आदिपुरुषा’ला हसताना आमचा भाचा कोणाच्या बाजूने होता, हे आम्ही त्याला विचारले. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “कोणाच्याच नाही. हसलो, पण बाहेर आल्यावर बरं वाटलं नाही.” हे उत्तर आम्हांस त्या संध्याकाळचे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटले. बरे का वाटले नाही, तेथेच खरा प्रश्न आहे.

चौथी तक्रार मामांची. तीच अर्जात जावयाची होती. लंकेत शेपटी पेटविली जात असता मारुतीच्या तोंडी जे वाक्य घातले होते ते ऐकून माम चित्रपट अर्धवट सोडून उठले. ते वाक्य आम्ही येथे देत नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बापाचा उद्धार करणाऱ्या टवाळाला शोभेल, असे ते होते. आजच्या पिढीला भिडावी म्हणून भाषा मुद्दाम सोपी केली, असा खुलासा संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी प्रथम केला. मग संवाद बदलण्यात आले. जुलैत त्यांनी जाहीर क्षमाही मागितली. पण जूनमध्ये मामांचा संताप ताजा होता, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे अशी प्रकरणे आली आहेत हे त्यांनी वाचले होते.

येथे आम्हांस कायदा सांगावा लागला. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात प्रमाणपत्र नाकारण्याची कारणे मोजून दिलेली आहेत : देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता, परराष्ट्रांशी स्नेह, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीती, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्यास चिथावणी. ‘चित्रपट वाईट असणे’ हे कारण त्यांत नाही, आणि नाही हेच उत्तम. धर्मभावना दुखावण्याचा गुन्हा त्या वेळच्या दंडसंहितेच्या कलम २९५-अ मध्ये होता. आता तो न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. दोन्हींत अट एकच : अपमान हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला असला पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे या चित्रपटात दुष्ट बुद्धी नव्हती. मारुतीसाठी आसन ठेवणारा माणूस मारुतीचा द्वेष करीत नाही. शिवाय १९४६ साली आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक कसोटी घालून दिली आहे : शब्दांचा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसावरून मोजू नये, समंजस, कणखर, धीट माणसावरून मोजावा. १९८८ साली ‘तमस’ या मालिकेवर बंदीची मागणी झाली तेव्हाही हीच कसोटी लावली गेली. आम्ही मामांना म्हटले, “माम, अर्ज करावयाचा तर प्रथम आपण दुबळ्या मनाचे आहोत असे लिहून द्यावे लागेल. तुम्ही सही कराल?” माम रागावले. रागावणे साहजिकच होते. मामांइतका कणखर माणूस आमच्या पाहण्यात नाही.

परंतु कायदा लागू पडत नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. माम उठून गेले ते काहीतरी मोडले म्हणूनच. काय मोडले?

ग्राम्य भाषा हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. दशावतारात वेद चोरून नेणारा संकासुर असतो. काळ्या वेषातला, लाल जीभ बाहेर काढलेला हा राक्षस गावच्या बोलीत भटजींची, सूत्रधाराची, खुद्द प्रेक्षकांची टर उडवितो. आणि देवळाच्या प्रांगणात, देवाच्या समोर, लोक खदखदा हसतात. कीर्तनकार रावणाच्या दरबारातला मारुती रंगवितात तेव्हा मारुतीही थट्टा करतो, आणि श्रोत्यांत बसलेले माम सर्वांच्या आधी दाद देतात. म्हणजे देवळाला ग्राम्यतेचे वावडे नाही आणि मामांना विनोदाचे नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने याचे उत्तर हजार वर्षांपूर्वी दिले आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त प्रतिपादिले की, रसभंगाचे कारण एकच आणि ते म्हणजे अनौचित्य. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला : हार कमरेला बांधला आणि मेखला गळ्यात घातली, तर दागिने सोन्याचे असूनही हसे होते. संकासुराच्या तोंडी जे शोभते ते मारुतीच्या तोंडी का शोभत नाही? येथे वाल्मीकींचेच प्रमाण आहे. किष्किंधाकांडात मारुती प्रथम रामासमोर येतो तो भिक्षूच्या वेषात, आणि चार वाक्ये बोलतो. राम लक्ष्मणाकडे वळून त्याच्या रूपाची किंवा बळाची स्तुती करीत नाही. स्तुती करतो ती वाणीची. ज्याने वेदांचे अध्ययन केलेले नाही तो असे बोलूच शकणार नाही, इतके बोलला पण एकही अपशब्द निघाला नाही, असे राम म्हणतो. साऱ्या रामायणात मारुतीची पहिली ओळख ही अशी होते : नीट बोलणारा माणूस म्हणून. उड्डाण पुढचे, पर्वत त्याहूनही पुढचा. संवादलेखकाने नेमकी तीच गोष्ट मोडली. त्याने देवाचा अपमान केला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने त्या पात्राची ओळखच करून घेतली नाही.

नटाचाही यात दोष नाही. याच देवदत्त नागे यांनी ‘जय मल्हार’ या मालिकेत खंडोबा साकारला होता आणि तो मराठी घराघरांत रुजला. तेथे देवही माणसासारखा बोलत होता, पण जेजुरीचा देव जसा बोलेल तसा.

आमच्या मते खरोखरीचा वाईट चित्रपट येथे सुरू होतो. तंत्र फसते ते अकौशल्य होय. ग्रंथ सोडला जातो ते धाडस होय. साधले तर ‘मायाबजार’, फसले तर फजिती. पण प्रेक्षक भाविक आहेत, ते श्रीरामाचे नाव ऐकून येणारच, तेव्हा रामाला नीट जाणून घेण्याचे कष्ट कशाला, असा हिशेब ज्या कलाकृतीतून दिसतो, ती कलाकृती दुसऱ्याच्या ठेवीवर व्यापार करते. निर्मात्यांच्या मनात हा हिशेब होता असे आम्ही म्हणत नाही. मनात शिरण्याचा अधिकार वकिलाला नाही आणि समीक्षकालाही नाही. पडद्यावर जे दिसले त्यावरून बोलतो. देवस्थानाचे विश्वस्त असलेले आपले अनेक वाचक हे लगेच ओळखतील. विश्वस्ताने देवाचा द्वेष केला तरच तो दोषी, असे नाही. ठेव आपली नाही हे तो विसरला, एवढ्यानेही विश्वासभंग होतो. रामकथा सांगणारा प्रत्येक जण अशा ठेवीचा विश्वस्त असतो. फाळके होते, दशावतारी आहेत, रामाराव होते. मारुतीसाठी रिकामे ठेवलेले आसन आम्हांस म्हणूनच खटकले. कथेत ज्याला त्याची जागा दिली नाही, त्याला सभागृहात जागा दिली.

आता कोणी म्हणेल, शब्दांचा हा कीस कशासाठी? भावनाभंग म्हणा की रसभंग म्हणा, चित्रपट वाईट तो वाईटच. आम्हांस तसे वाटत नाही. ‘भावना दुखावल्या’ म्हणताच समीक्षा संपते आणि फौजदारी सुरू होते. समोरचा माणूस आरोपी होतो, आणि आरोपीला सुधारण्याची नव्हे, सुटण्याची घाई असते. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच आठवड्यात आमच्या हैदराबादेत एका चित्रपटगृहाबाहेर चित्रपट आवडला नाही असे सांगणाऱ्या प्रेक्षकाला नटाच्या चाहत्यांनी मारहाण केल्याचे वृत्त आले. त्यांच्याही भावनाच दुखावल्या होत्या! ज्या शस्त्राने आपण वाईट चित्रपटाला मारू पाहतो, तेच शस्त्र खरे बोलणाऱ्या प्रेक्षकाच्या पाठीत बसते.

आणि एक गोष्ट घरातलीही सांगितली पाहिजे. देवाचे नाव घेतले की गुणदोष पाहू नयेत, ही सवय आपणच लावून घेतली आहे. दरवर्षी रामनवमीला आमच्याच मंचावर बेसूर भजने होतात, तयारीविना उभे राहिलेले वक्ते तासभर बोलतात, आणि आपण ‘देवाचे कार्य’ म्हणून टाळ्या वाजवितो. जत्रेतला जुना प्रेक्षक असा नव्हता. पहाटेपर्यंत जागणारा तो शेतकरी नटाला रावण साधला नाही तर तोंडावर सांगे, आणि साधला तर पुढच्या वर्षी त्याची वाट पाही. त्याची भक्ती आणि त्याची पारख एकाच माणसात नांदत होत्या. आपण भक्ती ठेवली आणि पारख सोडली. मग त्या भक्तीचा बाजार कोणी मांडला तर नवल ते काय?

असो. अर्ज आम्ही लिहिला नाही. मामांनी स्वतःच्या नावे प्रमाणन मंडळाला एक पत्र धाडले. ते आम्हांस दाखविले, पण मत विचारले नाही. आम्हीही कलमाचा आकडा तेवढा दुरुस्त करून दिला. २१ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द करण्याची मागणी विचारात घेण्यास नकार दिला आणि अलाहाबादेतील कार्यवाहीलाही स्थगिती दिली. चित्रपटाला प्रमाणपत्र द्यावे की नाही हे ठरविण्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे, प्रत्येकाच्या नापसंतीचे अपील न्यायालयाने ऐकू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता.

त्या शनिवारी आम्ही थोडे विजयी मुद्रेने सभागृहात शिरलो. माम समई साफ करीत बसले होते. वर न पाहता ते म्हणाले, “कोर्टान सोडलो म्हूण सिनेमा बरो जालो रे?”

नाही, माम. बरा झाला नाही. न्यायालयाने आपले काम केले; तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे त्याचे काम नव्हते. ते आपले आहे.